दहापैकी किती

१२ नोव्हेंबर

पुण्याहून विमा कंपनीच्या मुलीचा महिन्याचा फोन आला. मी मुद्दाम दुकानातून घरी येऊन बायकोजवळ बसलो होतो. फोन स्पीकरवर ठेवला. "काकू, या आठवड्यात पाय दहापैकी किती दुखला? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

"तीन," सु. म्हणाली. वांग्याचा भाव सांगावा तसं.

"झोप?"

"बरी."

"चालणं?"

"बरं हाये, माय. तू जेवली का?"

मुलगी हसली. म्हणाली, काकू, तुमच्याशी बोललं की मलाच बरं वाटतं.

फोन ठेवून सु. उठली. उठताना खाटेची कड धरली, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला, जसा तो दुसऱ्याच कोणाचा आहे. दात आवळलेले. मी समोरच होतो. तीनवाला माणूस असा उठत नाही.

पाण्याचा गिलास उचलून दिला आणि दुकानात गेलो.

१५ नोव्हेंबर

सीझन लागला. हरभऱ्याचं पाणी सुरू, पंपांच्या जळालेल्या मोटारी, नवी तार गुंडाळून बांधायच्या, दारापर्यंत आल्या. चार गिऱ्हाईकं एकदम बोलतात, प्रत्येकाला आजच पाहिजे.

संध्याकाळी सु.च्या पाठीत बसवलेल्या यंत्राची विम्याची अट पुन्हा वाचली. पॉलिसी आमच्या लेकीला नोकरीत मिळालेली, तीत आम्ही दोघं. तेव्हा मीच शब्दकोश घेऊन मराठी करून ठेवलं होतं, कोणाला विचारायला गेलो नाही. सार असं: यंत्र नवीन. खरंच गुण देतं याचा पुरेसा पुरावा अजून नाही. तरी दोन वर्षं विमा कंपनी खर्च उचलेल. पेशंटनं दर महिन्याला फोनवर कसं आहे ते सांगायचं. सगळ्यांची उत्तरं जमली की ठरवणार, हे यंत्र पुढं सगळ्यांना द्यायचं की बंद करायचं.

तेव्हा ही अट मला पसंत पडली होती. डॉक्टरांना म्हटलं, रास्त आहे साहेब, मी पण मोटार बांधून दिली की म्हणतो, आधी चालवून पाहा.

म्हणजे सु.चं 'तीन' हा त्यांचा पुरावा. आणि ते तीन नाही, हे ती सोडून फक्त मला माहीत.

१८ नोव्हेंबर

आज जेवताना सु. म्हणाली, थंडी पडली की जळजळ वाढते. मग लगेच, "तेवढी नाई." माझ्याकडं पाहिलंच नाही.

पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा डावा पाय जळतो. पायाला काही झालेलं नाही, नस दुखावली. अमरावतीच्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले होते: गोळ्या, व्यायाम आणि सबुरी, नाही तर हे नवीन यंत्र. कमरेजवळ कातडीखाली डबी, तिच्यातून दोन बारीक तारा मणक्याशी. विजेचे हलके ठोके दिले की नस दुखणं विसरते.

सु. म्हणाली होती, राहू द्या, गोळ्या घेतो.

मी नाही म्हटलं. काहून? कारण मला ते समजलं. बॅटरी, तार, ठोके. सगळं आयुष्य जळकी मोटार उघडून शिकलो, कोणी शिकवलं नाही. आणि इथं दवाखान्यात पहिल्यांदा असं काही आलं जे मला डॉक्टरांइतकं कळत होतं. मी त्यांना करंटबद्दल विचारलं. ते म्हणाले, तुम्ही इंजिनिअर का?

मी नाही म्हटलं नाही. नुसता हसलो.

हे आज पहिल्यांदा लिहून ठेवतो.

२४ नोव्हेंबर

वलगावहून गणेश आला. सु.च्या माहेरचा. त्याची बायको कांता आणि सु. एका गल्लीत वाढल्या, एका ताटात जेवल्या. वाडीत वांगी, पालक, हिरवा सांभार करतो. मला वाटलं मोटार जळाली. पण हात रिकामे. बाकावर बसला, चहा नको म्हणाला, मग घेतला.

कांताचं पण पाठीचं ऑपरेशन झालं होतं, पाय जळतो, त्याच डॉक्टरांनी तेच यंत्र सांगितलं. पोरगा नागपूरला नोकरीत, त्याच्या पॉलिसीत हीच अट.

"मले त्यातलं काई समजत नाई. डॉक्टर म्हणते, नवीन हाये, गुण येईन का नाई सांगता येत नाई. म्हटलं, आपल्या गावच्या जवाईले इचारतो. तुमी म्हणसान तसं, जवाईबापू."

दोन गिऱ्हाईकं उभी होती. दोघंही माझ्याकडं पाहू लागली.

मी म्हटलं, "घे. सुशीला पाहून घे ना. चालते, फिरते, भाकरी करते. त्यातलं मला समजते म्हणून सांगतो."

गिऱ्हाईकांनी मान हलवली. गणेशचा चेहरा असा मोकळा झाला. बस चुकेल म्हणून घरी आला नाही. बाकाखाली वांग्यांची थैली ठेवून गेला.

थैली घरी नेली. सु.ला म्हटलं, बाजारातून आणली.

२६ नोव्हेंबर

त्या वांग्यांचं भरीत झालं. सु. म्हणाली, "अकोल्याच्या बाजारात अशी वांगी कई येत नाई. आमच्या वलगावची वाटते."

मी आणखी भाकर मागितली.

२ डिसेंबर

तपासणीला अमरावतीला गेलो. सु. आत असताना बाहेरच्या समुपदेशक बाईंना एकटं गाठलं. हे मी मनात कधीचं धरलं होतं: खरा आकडा सांगितला तर कंपनी सु.चं कव्हर बंद करेल, उद्या डबीची बॅटरी गेली तर आपण काय करणार? त्यामुळं 'तीन' हे तिच्याच भल्याचं. असं मी स्वतःला समजावत होतो.

बाई म्हणाल्या, "नाही हो. जास्त दुखतं म्हटलं म्हणून कुणाचं कव्हर जात नाही. फोन चुकवले तर जातं. उलट दुखतं असं कळलं तर आम्ही ठोके बदलून पाहतो. बऱ्याच जणांना त्यानं फरक पडतो." मग फाईल पाहून, "तुमच्या मिसेसला गरजच पडली नाही. त्या पहिल्यापासून छान आहेत."

झालं. एक आडोसा होता, तोही गेला.

म्हणजे इतके महिने ते ठोके बदलून पाहू शकले असते. मी तोंड उघडलं असतं तर.

परतीच्या बसमध्ये सु.ला खिडकीची जागा दिली. मूर्तिजापूरला पेरू घेतले. विचारलं, "खरं सांग, कसं हाये?"

पेरूला मीठ लावता लावता म्हणाली, "बरं हाये."

५ डिसेंबर

आज सरळच विचारलं. दार लावून घेतलं, टीव्ही बंद केला. म्हटलं, मी रोज पाहतो तुला उठताना. त्या मुलीला तीन काहून सांगते?

सु. तुरीच्या शेंगा सोलत होती. मग म्हणाली, "बिचारी किती आपुलकीनं इचारते. तिले काय सात सांगू? तिचा साहेब तिले बोलन. म्हणन, तुह्या पेशंटले गुणच नाई. तिचे नंबर कमी पडतीन."

मी चाट पडलो. तिला वाटतं, तो आकडा त्या मुलीची परीक्षा आहे. मी समजावलं, मुलगी फक्त लिहून घेते, तिचा त्यात काही संबंध नाही. सु. म्हणाली, "तुमाले काय माहीत? परक्या घरची पोर फोन करून तब्येत पुसते, तिच्यापाशी आपली रड लावाव का? आमच्या घरी असं शिकवलं नाई. खाटेवर पडलेल्या माणसानंई आल्या-गेल्याले बरं हाये म्हणाव."

"आणि मला? मला काहून तीन?"

शेंगा सोलणं थांबलं नाही.

"तुमी दवाखान्यात किती खुश होते. त्या डॉक्टरशी बोलून राहिले होते, डबी हातात घेऊन, जसं पोरगं झालं. मी काय सांगू तुमाले?"

आधी आठवडाभर तारा मणक्याशी टाकून डबी बाहेरच ठेवून पाहतात, आराम पडला तरच ती आत बसवतात. त्या आठवड्यात मी सगळ्या वॉर्डाला यंत्र समजावत फिरलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला विचारलं, मी शेजारी उभा होतो. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, लय फरक हाये.

ते उत्तर तिनं मला दिलं होतं. डॉक्टरांनी आपलं समजून लिहून घेतलं.

गणेशचं तिला आजही सांगितलं नाही.

१२ डिसेंबर

फोन. स्पीकर. मी शेजारी.

"तीन," सु. म्हणाली.

मी हात पुढं केला तर फोन माझ्या हातात येत होता. केला नाही.

१३ डिसेंबर

भातकुलीच्या एकानं विहिरीवरचा पंप दाखवायला आणला. म्हणतो, दुसऱ्याकडून बांधून घेतला, पाणी देत नाही. लावून पाहिला. आवाज एकदम सुरेल, करंट बरोबर. वाइंडिंगमध्ये खोट नाही. विहिरीतल्या पाइपाच्या टोकाची झडप, फुटव्हॉल्व्ह, गळकी असणार. पाइपात पाणीच धरत नाही, पंप कोरडा फिरतो. त्याला म्हटलं, "आवाजावर जाऊ नको. धार पाहावी."

तो गेला. आज शटर लवकर ओढलं.

१५ डिसेंबर

जे व्हायचं ते झालं. कांताचा सु.ला फोन आला. मी जेवत होतो. आधी हसणं-खिदळणं. मग, "कोण म्हणलं?" मग माझ्याकडं पाठ करून, "हाव. हाव. बरं."

फोन ठेवला.

"गणेश आला होता?"

"आला होता."

"ती वांगी त्याची होती?"

"हाव."

"तुमी काय सांगतलं त्याले?"

मी सांगितलं. जसंच्या तसं, गिऱ्हाईकांसकट.

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं होतं. म्हणाली, "त्या पोरीले मी तीन सांगतो, ते माझं दुखणं हाये, माझ्यापाशी हाये. कांताच्या पाठीत तारा जातीन, त्या तुमच्या बोलण्यानं. मले एक डाव इचारलं असतं."

"तू पण तीनच सांगितलं असतं."

"कांताले?" ती म्हणाली. "कांताले मी खोटं सांगीन?"

एवढ्या वर्षांत मला वाटायचं, हिला मी अख्खी ओळखतो.

"आता तू सांग तिला," मी म्हटलं.

"मी काहून सांगू? तुमी सांगतलं, तुमीच जाऊन सांगा. मी मधात बोलली तर गणेश म्हणन, नवरा-बायकोचं पटत नाई." ताट उचलून घेतलं. भाकर अर्धी होती.

२१ डिसेंबर

वलगावला गेलो. सांगायला.

गणेशनं वाडीतच गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे, कणकेचे गोळे, भाजायला लावले होते. जवाईबापू येणार म्हणून भाऊबंद दोघं-तिघं बोलावले. वरण, वांग्याची भाजी, वर तूप ओतायला कांता स्वतः उठली. डोक्यावरून पदर, एक पाय ओढत. "सुशीले काहून नाई आणलं, भाऊजी?"

म्हटलं, पाय...

"पायाचं काय? आता त बरा हाये ना?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. गणेशच्या चुलतभावानं विचारलं, आत डबी टाकली तर शॉक लागत नाही का? आणि मी, मी त्याला समजावून सांगू लागलो. व्होल्टेज किती, ठोके कसे, शॉक काहून लागत नाही. बोलता बोलता माझा आवाज मला ऐकू आला. दवाखान्यातलाच.

निघताना गणेश बसस्टँडपर्यंत आला. म्हटलं, गणेश, एक सांगायचं होतं. तो थांबला. मी म्हटलं, घाई करू नको, गोळ्यांनी पण फरक पडतो.

"नाई, आता ठरलं. तुमी सांगतलं तईच ठरलं. डॉक्टरनं संक्रांतीच्या अगोदर बोलावलं."

थैलीत वांगी, सांभार, हिरव्या मिरच्या. नको म्हटलं तरी.

घरी आल्यावर सु.नं एकच विचारलं, "सांगतलं?"

"नाही."

थैली तशीच दाराशी राहिली. सकाळी तिनं ती शेजारणीला दिली.

२९ डिसेंबर

गणेशला फोन लावला. कांतानं उचलला. मुलाकडं नागपूरला सगळे तपासण्यांना गेलेत. "तुमी काळजी करू नोका, भाऊजी. तुमच्या भरवशावर चाललो आमी."

सदिच्छा दिल्या. आणखी काय देणार होतो.

दुकानात एक मोटार दोनदा उलटी बांधली. तीस वर्षांत असं झालं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, तब्येत बरी नाही का?

बरं आहे, म्हटलं.

१२ जानेवारी

फोन यायच्या आधी सु. म्हणाली, "आज तुमी दुकानात जा."

"काहून?"

"तुमी समोर असले की मले बोलता येत नाई."

मी चपला घातल्या. दारापुढच्या ओट्यावर गेलो. पण दुकानात गेलो नाही, खिडकीशी उभा राहिलो. हेही लिहून ठेवतो.

"माय, एक सांगू? तू रागावशीन त नाई?"

मुलगी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

"सात. सकाळी उठतो तई आठ." मग, "पयलेपासून." मग पलीकडचं ऐकून, "नाई, नाई, तुही काई चूक नाई. तू एवढी गोड बोलते, म्हणून... हाव. हाव. तुह्या साहेबाले सांगजो, बाई म्हातारी हाये, तिले हिशेब समजत नाई."

मी आत आलो. तिचे डोळे पुसलेले होते, पण चेहरा हलका. म्हणाली, पोरगी रागावली नाही. तिला कोणी साहेब बोलत नाही. मागचे आकडे खोडता येत नाहीत, तसेच राहतील, पण आजचा आणि का तो, सगळं लिहिते म्हणाली. आणि ठोके बदलायला दवाखान्यात बोलावतील.

मागचे आकडे तसेच राहतील. त्यात सगळे 'तीन' आहेत. तेवढे तिथं कुठंतरी कोणासाठी तरी पुरावा म्हणून बसून राहणार.

दुपारी दवाखान्यातून फोन. उद्याच या.

सु. म्हणाली, "कांता तिथंच हाये. काल तारा टाकल्या तिच्या. आता चला माझ्यासंगं."

१३ जानेवारी

आधी सु.चं. टेक्निशियन पोरगा रिमोटसारखं यंत्र घेऊन बसला, ठोके कमी-जास्त करत विचारत राहिला: इथं मुंग्या येतात? इथं? मी एकदा तोंड उघडलं, सु.नं नुसतं पाहिलं, मी बंद केलं. अर्ध्या तासानं म्हणाली, "थांब. आता... आता थोडं बरं वाटते." मी आपोआपच तिच्या हाताकडं पाहिलं. उठली. खाटेची कड धरली, पण आवळली नाही. बहुतेक नाही.

खरं असेल? ती आता मला खोटं सांगणार नाही असं म्हणतो, पण ते माझ्या इच्छेवर ठरत नाही.

मग वरच्या मजल्यावर कांताकडं. पाठीतून तारा, कंबरेला पट्ट्यात बाहेरची डबी. गणेश उठून उभा राहिला, खुर्ची मला दिली. मी बसलो नाही.

सु. खाटेवर कांताच्या पायथ्याशी टेकली. म्हणाली, "कांते, मले सात हाये. इतके दिवस खोटं बोलत होती. आज बदलून देलं, आता पाहू."

गणेशनं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "खरं आहे. तू दुकानात आला तेव्हा मला माहीत होतं. तरी मी घे म्हटलं. वलगावला आलो ते हेच सांगायला, आणि रोडगे खाऊन परत गेलो."

वाटलं होतं गणेश काहीतरी बोलेल. बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं, तेवढ्यासाठीच मान खाली घातली होती. तो म्हणाला, "जाऊ द्या, जवाईबापू. तुमी काय मुद्दाम केलं?"

याचं उत्तर 'हाव, मुद्दाम' असंच आहे. पण तो ऐकून घ्यायला तयार नव्हता, आणि हे माझ्यानं सहन होईना.

मी कांताला म्हटलं, "उद्या डॉक्टर विचारतील, फरक आहे का. नसेल तर तारा काढून घेतात, त्रास नाही. माझ्याकडं पाहून सांगू नको. माझी लाज धरू नको. जे आहे ते सांग."

कांतानं पदर सारखा केला. तारांचं वेटोळं कंबरेला, तरी जवाई समोर आहे म्हणून डोकं झाकलं. हसली.

"खोटं कायले सांगू, भाऊजी? मले खरंच बरं वाटून राह्यलं."

सु. तिच्याकडं पाहत होती. मी सु.कडं. बालपणापासूनची मैत्रीण, तिला तरी समजलं असेल म्हणून. सु.नं हळूच मान हलवली. कळत नाही, असं. किंवा तुमी जा, असं.

म्हटलं, मी खाली थांबतो. दारापर्यंत आलो आणि मागं कांता उठायला लागली, मला दारापर्यंत पोचवायला, पाहुण्यांना बसल्या जागेवरून कसं जाऊ द्यायचं. मी वळलो. ती कड धरते का, पाय कसा ठेवते, दात आवळते का, एवढंच पाहायचं होतं मला.

पण गणेशनं तिला दंडाला धरून उठवलं. त्यामुळं काही कळलं नाही.